अप्पांचं दुखणं सांगायचं कुणी

डॉक्टरांनी "काय होतंय?" असं विचारलं की माझे वडील डावीकडे बघायचे. डावीकडे माझी आई बसायची. ती गेल्यावर तिच्या जागी मी बसायला लागले, तरी अप्पांची मान त्याच सवयीनं वळायची आणि मला बघून जराशी गोंधळायची. मग ते पुन्हा समोर बघायचे, सदऱ्याचं वरचं बटण चाचपायचे आणि म्हणायचे, "एनिल्ला." अक्कलकोटकडच्या आमच्या गावात अर्धं बोलणं कानडीत चालतं, त्यातला हा त्यांचा आवडता शब्द. एनिल्ला म्हणजे काही नाही. ज्याला काही नाही तो माणूस रिक्षा करून दवाखान्यात कशाला आला असेल, असा प्रश्न डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसायचा आणि माझा जीव खालीवर व्हायला लागायचा.

आमच्या भावकीत पुरुषानं आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगायची पद्धतच नव्हती. नवऱ्याचं दुखणं बायको सांगायची. दोघं जोडीनं दवाखान्यात जायची. पुरुष स्टुलावर बसून जीभ दाखवायचा, सांगितलं की सदरा वर करायचा, आणि बाकीचं सगळं बाई बोलायची. नुसतं ऐकणाऱ्याला आजारी नेमकं कोण आहे ते कळलं नसतं. आमची अव्वा, म्हणजे आई, यात फारच पटाईत होती. "ह्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ निघती," ती सुरू करायची. "जेवल्यावर घटकाभरानं निघती. डाव्या अंगावर पडलं की कमी पडती. त्यांनी मला सांगितलं न्हाय, ते कशाचं सांगत्यात. पर ताटात अर्धी भाकरी ठिवून उठले की मला समजतंय की." डॉक्टर लिहून घ्यायचे. अप्पा वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसायचे. शेजारच्या गावातल्या कुणाबद्दल तरी बोलणं चाललंय, असा त्यांचा चेहरा असायचा.

तिला हे सगळं बघून बघून कळायचं. वैरणीचा भारा नेहमीच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला, की तिनं त्या संध्याकाळी तेल गरम केलेलं असायचं. खोकल्याच्या आवाजावरून ती सांगायची की हा घशातला आहे का छातीतला. अप्पांनी तंबाखूची डबी खिशातून काढून न उघडताच परत ठेवली, की ती सुनेला सांगायची, आज त्यांना भात टाक, पोट बिघडलंय.

या व्यवहाराला दुसरी बाजूही होती. अव्वाच्या छातीत धडधड व्हायची. त्यासाठी एक बारीक पांढरी गोळी तिला रोज सकाळी होती आणि ती गोळी घ्यायला ती हमखास विसरायची. दुसऱ्याचं सगळं ध्यानात ठेवणारी बाई स्वतःच्या बाबतीत अगदी धांदरट होती. म्हणून ते काम अप्पांकडे होतं. चहाच्या आधी ते स्टीलचा गोल डबा उघडायचे, आपली बीपीची गोळी काढायचे, मग तिची काढायचे, आणि तिची तळहातावर धरून चुलीपाशी जाऊन उभे राहायचे. "घे," एवढंच म्हणायचे. तिचे हात पिठात असले तर ती तोंड उघडायची आणि ते गोळी आत टाकायचे. त्या पिढीतल्या नवरा-बायकोचा याहून मोठा लाड मी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत अव्वा गेली. झोपेतच गेली, कुणाला काही सांगितलं नाही. भाऊ गावातच आहे, शेती बघतो, पण त्याच्या घरात अप्पांचं मन लागेना. रोज उठून जुन्या चुलीपाशी जाऊन बसायचे. मी भांडून त्यांना सोलापूरला घेऊन आले. येताना त्यांनी एक पिशवी, काठी आणि तो स्टीलचा डबा आणला. डबा त्यांनी स्वतःच आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि मला सांगितलं, "ह्याला हात लावू नगं. माझं मी बघतो." मला बरंच वाटलं. म्हटलं, एवढं एक तरी काम माझ्या डोक्यावर नाही.

माझ्या डोक्याबद्दल इथेच सांगून टाकते. मला स्वस्थ बसता येत नाही. दूध गॅसवर असलं तरी मी तेवढ्यात दोन कामं करते आणि दूध उतू घालवते. नोकरीही अशी मिळाली की आगीत तेल. सात रस्त्याजवळच्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात मी क्लेमच्या फायली बघते. दिवसभर परक्या माणसांची डिस्चार्ज कार्डं हातात असतात. त्यामुळे डॉक्टरी शब्द तोंडपाठ झालेत. डिस्प्निया म्हणजे धाप. एडिमा म्हणजे सूज. पाल्पिटेशन म्हणजे अव्वाची ती धडधड. इडिओपॅथिक हा शब्द बरीच वर्षं मला फार भयंकर वाटायचा. त्याचा अर्थ कारण सापडलं नाही एवढाच आहे, हे समजलं त्या दिवशी मी टेबलावर एकटीच हसत बसले होते. नातेवाइकांत कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्या मोबाइलवर येतो. नवरा मला घरातली अर्धी डॉक्टर म्हणतो आणि अर्ध्यापासूनच जास्त धोका असतो, असंही वर म्हणतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आलं की अप्पा उठताना काहीतरी करतात. खुर्चीतून उठायचे, एक पाऊल टाकायचे आणि दाराची चौकट धरून उभे राहायचे. डोळे मिटलेले. ओठांचा रंग उतरलेला. मग हळूच डोळे उघडून, काही झालंच नाही अशा थाटात पुढे जायचे.

"अप्पा, काय होतंय तुमाला?" मी विचारलं. अप्पांशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाला जाते.

"एनिल्ला."

"मग चौकट कशाला धरली?"

"चौकट चांगली हाय. सागवानी हाय का?"

असं म्हणून ते पेपर घेऊन बसले. मी ऑफिसात गेले, पण माझं चित्त त्या चौकटीपाशीच अडकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर चक्कर येण्याची कारणं शोधली. तिथे काय नव्हतं? पाणी कमी पडणं होतं, रक्त कमी असणं होतं, कानाच्या आतलं पाणी हलणं होतं, मानेचे मणके होते, साखर उतरणं होतं, आणि त्याच रांगेत, तितक्याच थंडपणे, मेंदूतली गाठ होती. मी डबा न संपवताच बंद केला. दुपारी गाठीबद्दल वाचलं, चहाच्या वेळी मणक्यांबद्दल वाचलं. संध्याकाळी घरी आल्यावर अप्पांना मान डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवायला लावली. त्यांनी ती मुकाट फिरवली आणि म्हणाले, "बैल घ्यायला आल्यावानी काय बघायलीस?"

पुढचे काही आठवडे मी घरात टपून बसल्यासारखी वागत होते. मी लिंबू-सरबत द्यायचे, अप्पा ते प्यायचे. बीट आणलं, ते त्यांनी ताटाच्या कडेला सारलं आणि "साकू" म्हणाले, म्हणजे पुरे. अव्वा बघायची तसं बघायचा मी प्रयत्न करत होते, पण तिचं बघणं शांत होतं, हातातलं काम न सोडता चालायचं. माझं बघणं म्हणजे पाळत होती. मी बघायला लागले की अप्पा सावध व्हायचे आणि भिंतीचा आधार न घेता ताठ चालून दाखवायचे. "त्यांना जरा मोकळं सोड," नवरा म्हणाला. मी त्याच्यावरच घसरले. माझे वडील पडले तर उचलायला तू येणार आहेस का, असं काहीतरी बोलले. तो बिचारा येणारच होता, हे मलाही माहीत होतं.

आणि ते पडलेच. एका रविवारी सकाळी चहा-नाष्टा झाल्यावर अप्पा आणि मी कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाड्यावर गेलो होतो. अप्पांना भाजी निवडायला आवडतं. वाकून त्यांनी मेथीची एक जुडी घेतली, देठ मोडून बघितले आणि सरळ उभे राहिले. पुढच्या क्षणी ते जुडी हातात घेऊनच खाली बसले. बसले कसले, पाय दुमडून कोसळले. भाजीवाली बाई गाड्यामागून पळत आली. "चाचा, हिलो नको, बैठेच रहो, मैं पानी लाती," म्हणाली. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि अव्वाला हाक मारत होते, असं नंतर ती बाई म्हणाली. थोड्याच वेळात अप्पांनी डोळे उघडले. घामानं सदरा चिंब झाला होता. हातातली मेथी मला देत ते म्हणाले, "ही ताजी हाय. घे."

डॉक्टर ओळखीचे, रविवार असूनही त्यांनी बोलावलं. "काय होतंय आजोबा?" अप्पांनी डावीकडे बघितलं. मी तयारच होते. इतक्या आठवड्यांचा अभ्यास ओठांवर आला होता. "डॉक्टर, मला व्हर्टिगो वाटतो," मी सुटलेच. "पण सर्व्हायकलही असू शकेल. पडले म्हणजे सिंकोप. मेंदूचा एमआरआय करून घ्यायचा का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, आजाराचं नाव आपण नंतर बघू. तुम्हाला काय दिसलं ते सांगा," ते म्हणाले. "चक्कर म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असतात. घर गरगर फिरतं, हे एक. त्याचं मूळ बहुतेक वेळा कानात असतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडणार असं वाटतं, हे दुसरं. तेव्हा डोक्याकडे रक्त कमी जात असतं, मग त्याचं कारण हृदयात, बीपीत किंवा अंगातल्या पाण्यात शोधायचं. आणि नुसता तोल जातो, पाय साथ देत नाहीत, हे तिसरं. त्याची वाट आणखी वेगळी. यांचं यातलं कुठलं?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा पंख्याकडे बघत होते. मग मी डोळ्यांपुढे ती दाराची चौकट आणली आणि एकेक सांगायला लागले. बसल्या जागी काही होत नाही, उठल्यावर होतं. डोळे मिटतात, पण काही धरलं की सावरतात, म्हणजे घर फिरत नसावं. ओठ पांढरे पडतात. घाम येतो. सकाळी चहा झाल्यावर तासा-दोन तासांनी जास्त होतं, संध्याकाळी तेवढं नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी अव्वाच्याच चालीवर बोलतेय. फक्त "ह्यांच्या" म्हणायचं राहिलं होतं.

डॉक्टरांनी अप्पांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मग त्यांनी ईसीजी काढला. "ठोके फार हळू पडतायत," ते म्हणाले. "पन्नासच्याही खाली आहेत. माणूस उठला की हृदयानं जरा जोर करायचा असतो, तो यांच्याकडून होत नाही. म्हणून अंधारी येते." याला ब्रॅडिकार्डिया म्हणतात, हे मला माहीत होतं. कितीतरी फायलींवर मी तो शब्द वाचून पान उलटलं होतं. आता तो शब्द माझ्या शेजारी मेथीचा चिखल लागलेलं धोतर नेसून बसला होता.

कारणं त्यांनी साध्या भाषेत सांगितली. वयानं हृदयाच्या आतली वायरिंग झिजते. थायरॉइड मंदावलं तरी असं होतं. रक्तातले क्षार बिघडले तरी होतं. काही गोळ्यांनीही होतं. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीची एकच," मी म्हटलं आणि नाव सांगितलं.

"तिनं ठोके कमी होत नाहीत. रक्त तपासायला देऊ. ते चांगलं आलं तर मग पेसमेकरचा विचार करावा लागेल. आज अ‍ॅडमिट केलं तर मला बरं वाटेल."

अप्पा उठले. चौकट नव्हती म्हणून टेबल धरून उठले. "न्हाय," ते म्हणाले. दवाखान्यात त्यांनी आपणहून उच्चारलेला हा पहिला शब्द असेल. डॉक्टरांनी खूप समजावलं, मी डोळ्यांत पाणी आणलं, पण ते हलेनात. शेवटी डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी नक्की या, तोवर एकटं सोडू नका, झटकन उठू देऊ नका, परत अंधारी आली तर तडक इकडे आणा. आणि घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन या.

घरी आल्यावर पेसमेकरच्या मशीनवरून आमचं भांडण पेटलं. एका पिशवीएवढ्या सामानानिशी आलेला हा माणूस किती हट्टी आहे, हे मी विसरले होते.

"मशीन बसिवलं की माणूस सुटत न्हाय," अप्पा म्हणाले. "आत बॅटरी चालूच ऱ्हाती. जीव जायच्या वक्ताला बी ती ढकलत ऱ्हाती. आमच्या गावात समद्यांना म्हाईत हाय."

"गावात कुणाला बसिवलंय मशीन?"

"कुणाला न्हाय. म्हणून तर समदे सुखानं गेले."

"अप्पा, असं काय नसतंय. ठोका चुकला तर ते नुसतं आठवण करून देतंय."

"मला आठवणी करून द्यायला मशीन नगं."

मी ओरडले. आमच्याकडे वडिलांवर कुणी ओरडत नाही, पण मी ओरडले. "मरायची घाई झाली व्हय तुमाला?"

ते अगदी सरळ आवाजात म्हणाले, "घाई न्हाय. पर थांबायचं कशासाठी, ते सांग की."

मी स्वयंपाकघरात जाऊन त्या मेथीची पानं खुडत बसले आणि रडले. अव्वाचा मला भयंकर राग आला. तिला अप्पांच्या अंगातली प्रत्येक कळ माहीत होती, आणि जाताना त्यातलं काहीसुद्धा कुणाच्या हवाली न करता ती निघून गेली होती. ती असती तर तिनं एका वाक्यात त्यांना मशीन बसवायला लावलं असतं. ती असती तर ते थांबायला कारण मागतच बसले नसते. उद्या अप्पा नाहीच म्हणाले तर काय करायचं, परवा पुन्हा कोसळले आणि डोळे उघडलेच नाहीत तर काय करायचं, याच्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याची पिशवी भरत होते. गोळ्या घ्यायच्या म्हणून स्वयंपाकघरात गेले. अप्पा माझ्या आधीच उठले होते. ओट्यापाशी पाठमोरे उभे होते, एक हात कडाप्प्यावर टेकलेला. डबा उघडा होता. त्यांनी पाकिटातून एक गोळी काढून तोंडात टाकली, पाणी प्यायले. मग दुसऱ्या पाकिटातून एक बारीक पांढरी गोळी काढली आणि ती तळहातावर घेऊन तसेच गॅसच्या शेगडीकडे तोंड करून उभे राहिले. हात जरासा पुढे केलेला होता. शेगडीपाशी कुणीच नव्हतं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि तोंडाकडे नेला.

मी त्यांचं मनगट धरलं. "ही कुटली गोळी?"

त्यांनी मूठ मिटली.

"अप्पा, ही कुणाची गोळी हाय?"

"तुझ्या अव्वाची."

"तुमी का घेता?"

"मग काढल्यावर काय करू?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढी साधी गोष्ट मला कळू नये याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

मग मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांनी थोडं थोडं सांगितलं. ती गेल्यावर पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा हातानं आपसूक दोन्ही गोळ्या काढल्या. चुलीपाशी जाऊन उभे राहिल्यावर ध्यानात आलं. फोडलेली गोळी पाकिटात परत जाईना. "टाकवंना," अप्पा म्हणाले. "तिच्या तोंडात घालायची वस्तू. उकिरड्यावर कशी टाकू? गिळली." दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. पाकीट संपत आलं की आपल्या गोळीबरोबर तिचंही रिकामं पाकीट दुकानात दाखवायचं, दुकानदार दोन्ही द्यायचा. सोलापूरला आल्यावर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही तेच. एकाच माणसाच्या दोन गोळ्या असतील, असंच कुणालाही वाटणार.

"दुसऱ्याची गोळी आपुन घेऊ न्हाय, म्हाईत हाय की तुमाला."

"दुसऱ्याची कशी?" अप्पा म्हणाले. "तिचीच की."

धडधड कमी करायची गोळी म्हणजे ठोके कमी करायची गोळी. अव्वाचं हृदय धावायचं म्हणून तिला ती लगाम होती. अप्पांचं आधीच सावकाश चालणारं हृदय त्याच लगामानं रोज सकाळी आणखी मागे ओढलं जात होतं. चहानंतर तासा-दोन तासांनी अंधारी का यायची, तेही कळलं. पाल्पिटेशन हा शब्दही मला माहीत होता आणि ब्रॅडिकार्डियाही, पण दोन्ही एकाच डब्यात असतील हे कुठल्या फाइलवर लिहिलेलं असणार?

"द्या," मी हात पुढे केला. मूठ उघडायला त्यांनी वेळ लावला. गोळी घामानं ओलसर झाली होती आणि तळहाताच्या रेषांत तिची पांढरी पूड भरली होती. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी ती टाकली नाही. पाकिटासकट डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली.

डॉक्टरांनी पाकीट उलटून नाव वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले. या वेळी अप्पा अ‍ॅडमिट व्हायला नाही म्हणाले नाहीत, कारण मशीनचं नाव कुणी काढलं नव्हतं. असली गोळी ज्याची त्यानं मनानं एकदम बंद करायची नसते, कुणाकुणाला ते महागात पडतं, म्हणून आपल्या नजरेखाली ठेवू, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. अप्पांच्या छातीला वायरी चिकटवल्या आणि उशाशी पडद्यावर हिरवा आकडा दिसायला लागला. तिथे मी माझ्या स्वभावाला जागले. आकडा एकानं खाली आला की उठायचे, एकानं वर गेला की बसायचे. सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्हालाच वायरी लावू का?" अप्पा हसले. कितीतरी महिन्यांत त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

आकडा हळूहळू वर चढत गेला आणि वरच राहिला. रक्ताचे रिपोर्टही चांगले आले. मशीनची आत्ता गरज नाही, डॉक्टर म्हणाले. वायरिंग वयाप्रमाणे थोडी जुनी झालीच आहे, तेव्हा लक्ष ठेवू. घरी आल्यावर अप्पा खुर्चीतून उठले आणि चौकटीला हात न लावता बाहेर गेले. मी त्यांच्या मागून चौकट धरून उभी राहिले.

डबा त्यांनी पुन्हा फळीवर ठेवला. आता त्यात एकच पाकीट. मला वाटलं, संपलं सगळं. कारण सापडलं, उपाय झाला, फाइल बंद. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मी पहिल्यांदाच दवाखान्याच्या बाकावर पाय न हलवता बसले होते. डॉक्टरांना सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. अंधारी नाही. घाम नाही. भूक बरी. जिना एका दमात चढतात.

"काय आजोबा, आता काय होतंय?"

अप्पांची मान डावीकडे वळली. मी तोंड उघडलं. पण या वेळी ते माझ्याकडे बघून गोंधळले नाहीत. त्यांनी हात जरा वर केला, मला थांबवल्यासारखा, आणि समोर वळले. सदऱ्याचं बटण चाचपलं.

"करमत न्हाय, डाक्टरसाहेब," अप्पा म्हणाले.

मी डॉक्टरांकडे बघितलं. मला वाटलं, ते हसून पाठीवर थाप मारतील, देवळात जात जा म्हणतील. त्यांनी पेन उचललं.

"कधीपासून?"

"ती गेल्यापासनं."

"दिवसभर असतं, की एखाद्या वेळी जास्त होतं?"

अप्पांनी विचार केला. अव्वा करायची तसा, नीट, चूक होऊ नये म्हणून.

"सकाळच्याला जास्त," ते म्हणाले. "डबा उघडला की."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.